रिकाम्या खोलीतला पूल टेबल

मित्रांनो, मी एक जुना पूल टेबल आहे. म्हणजे लोक तसं म्हणतात. माझा दगड जुना, पाय जुने. कापड नवं आणि रबरही नवं. त्यामुळे ‘मी’ म्हणताना नेमकं कुणाबद्दल बोलायचं, याचा माझा मलाच घोळ होतो. तरी सांगून बघतो. चुकलो तर सांभाळून घ्या.

फार पूर्वी मी एका टेकडीच्या पोटात होतो. तिथून पाटीचा काळा दगड कापून काढला, त्याच्या तीन लाद्या केल्या आणि त्या आरशासारख्या घासल्या. सुतारांनी जाडजूड पाय आणि चौकट केली. वर लोकरीचं हिरवं कापड चढलं, कडांना आतून रबर बसलं, काठीने मारलेले चेंडू पडायला जाळीच्या झोळ्या लागल्या. मग मला एका क्लबात नेलं. तिथे माझे दिवस मजेत गेले. ‘काय सरळ चालतो चेंडू,’ असं म्हणत खेळणारे कडेवर थाप मारत, आणि ती थाप मला फार आवडे.

पुढे लोक येईनासे झाले. का, ते मला कुणी सांगितलं नाही. आधी माझ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले, मग उलट्या खुर्च्या आल्या, मग छतातून गळणारं पाणी. क्लब बंद झाला आणि मी एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन पडलो.

तिथे एके दिवशी एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ आले. बाई चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करायची. म्हातारे शिंपी होते. ती त्यांना ‘बाबा’ म्हणत होती, म्हणून मला वाटलं, बापलेक असतील. माझ्या घोटाळ्यांना इथूनच सुरुवात झाली.

माझ्या शेजारी दुसरा एक टेबल होता. चकचकीत, एकही डाग नसलेला. व्यापारी त्यांना तिकडेच ओढत होता. पण बाई गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही टेबलांच्या खालून बोटांनी ठोकून आवाज ऐकला. मग माझ्यावर एक चेंडू हळूच सोडला. चेंडू वाकडा गेला आणि कडेला लागून तिथेच मेला. मला लाज वाटली.

“ताई, त्याचं रबर दगड झालंय, कापडही फाटलंय,” व्यापारी म्हणाला. “हा बघा, नवाकोरा दिसतो.”

“दिसतो खरा. पण कापडाखाली फळी आहे, दमट हवेत फुगेल,” ती म्हणाली. “याचा दगड शाबूत आहे. बाकी सगळं बदलता येतं.”

म्हातारे म्हणाले, “टेबलच घ्यायचा तर जेवायचा घे की. निदान त्यावर पोळी तरी वाढता येईल.”

“बाबा, खोली भरेल असं काहीतरी हवंय,” ती म्हणाली.

हे माझं कौतुक होतं की माझी नालस्ती, ते मला अजून कळलेलं नाही.

मग टेबल बसवणारे मिस्त्री आले आणि त्यांनी मला उकलून काढलं. पाय एकीकडे, चौकट दुसरीकडे, तीन लाद्या तीन गोधड्यांत. टेम्पोतून जाताना मी कुठल्या लादीत होतो, हे काही केल्या मला सांगता येत नाही. खड्डा आला की तिन्हीकडून धास्ती वाटायची, एवढंच आठवतं.

ज्या खोलीत मला उतरवलं तिथे भिंतीवर कपाटाचा उमटलेला डाग होता आणि बाकी काही नव्हतं. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरल्या, म्हणजे ते बरेच दिवस उघडलं नसावं. हळूहळू बोलण्यातून मला उलगडा झाला. ती खोली म्हाताऱ्यांच्या मुलाची होती. ही बाई त्यांची मुलगी नव्हे, सून होती. मुलगा घर सोडून दुसऱ्या शहरात गेला होता, रीतसर फारकत झाली होती आणि त्याने तिकडे नवा संसार मांडला होता. सासूबाई तर आधीच वारल्या होत्या. घरात उरले ते हे दोघे. आता एकमेकांचे कोण, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ती सवयीने ‘बाबा’ म्हणे आणि म्हणून झाल्यावर क्षणभर थबके. ते पूर्वी ‘सूनबाई’ म्हणायचे. आता नुसतं ‘ऐकलंस का’ म्हणायचे.

ती भाड्याने खोली शोधत होती. “मी गेले की टेबल विकून टाका,” असं ती एकदा म्हणाली. जाणारं माणूस चौघांना न उचलवणारा दगड घरात आणतं कशाला? मी पुष्कळ विचार केला, पण मला काही उमगलं नाही. तिला उमगलं होतं का, तेही सांगता येत नाही.

तरी काम सुरू झालं. मिस्त्रींनी चौकट जुळवली, लाद्या ठेवल्या आणि पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत पायांखाली पातळ चकत्या सरकवल्या. बाईने लाद्यांच्या सांध्यांत मेण भरलं, पात्याने खरवडलं, त्यावरून डोळे मिटून बोट फिरवलं आणि पुन्हा भरलं. माझ्या कडा तिने घासून नव्याने पॉलिश केल्या. जुनं रबर निघालं, नवं आलं. कापडाची वेळ आली तेव्हा मिस्त्रींना म्हातारे म्हणाले, “ते आमच्याकडे द्या. जन्मभर कापडच ओढलंय मी.”

कापड ताणायच्या दुपारी ते एका बाजूला उभे राहिले आणि ती समोरच्या बाजूला.

“एकदम ओढू नकोस, लाट येईल,” ते तिला म्हणाले. “थोडं तू, थोडं मी.”

अर्धं कापड लागलं असेल, तेवढ्यात दारात मुलगा उभा राहिला.

“बाबा, तुम्हाला न्यायला आलोय,” तो म्हणाला. “तिकडे तुमची खोली तयार आहे.”

“जरा थांब. कड धरलीय.”

“ते नंतर करा.”

“नंतर नाही होत. सुटलं की पहिल्यापासून.”

मुलगा माझ्याकडे, तिच्याकडे आणि आपल्या खोलीकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “बाबा, ही आता तुमची कोण लागते?”

म्हाताऱ्यांनी कापडाची कड आणखी घट्ट धरली.

“तुम्ही जा, बाबा,” ती म्हणाली. “मी मिस्त्रींकडून करून घेईन.” तिच्या बोटांतली पकड सैल पडली आणि माझ्यावरचं कापड तिच्या बाजूने ढिलं झालं.

“सोडू नकोस,” म्हातारे म्हणाले. मग मुलाकडे वळून म्हणाले, “कोण लागते, ते मला सांगता येत नाही. शोधतोय, शब्द सापडत नाही. रोज सकाळी माझ्या डोळ्यांत औषध ही घालते, एवढं मला माहीत आहे. तू माझा मुलगा आहेस, हेही माहीत आहे. दोन्हींचा मेळ लागत नाही रे. पण आज मी येत नाही.”

मुलगा तसाच उभा. त्याला राग आला होता की रडू, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

“आलाच आहेस तर तो कोपरा धर,” म्हातारे म्हणाले. “एक हात कमी पडतोय.”

मला वाटलं, आता हा पाय आपटत निघून जाणार. पण त्याने बूट काढले आणि कोपरा धरला. बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. आपली बाजू तिने पुन्हा घट्ट ओढली. म्हातारे ‘हं’ म्हणाले की दोघं ओढत, ‘बस’ म्हणाले की थांबत. तिघं मला तीन दिशांना खेचत होते, आणि मी सपाट होत गेलो. हे कसं झालं, ते मी आजवर कुणाला समजावून सांगू शकलेलो नाही.

काम संपल्यावर मुलाने चहा घेतला. बूट घालताना तो बापाला म्हणाला, “पुढच्या महिन्यात येऊन जाईन.” तो एकटाच गेला. त्याची पाठ दिसेनाशी झाली तरी म्हातारे बराच वेळ खिडकीशी उभे होते, आणि बाईने त्यांना हाक मारली नाही. त्या आठवड्यात तिला एक खोली बघायला जायचं होतं. ती गेली नाही.

आता संध्याकाळी दोघं माझ्यावर खेळतात. ज्याने बाकीचे चेंडू मारायचे त्या पांढऱ्या चेंडूलाच म्हातारे झोळीत घालतात आणि वर ‘हा माझा होता ना?’ असं विचारतात. ती हसते. परवा शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, “सून ना हो ही तुमची?” म्हातारे काठीला खडू लावत होते. “आमच्या घरची आहे,” ते म्हणाले. मग तिला म्हणाले, “चल, तुझी पाळी.”

मित्रांनो, मी अजून गोंधळलेलाच आहे. जुना की नवा, क्लबातला की घरातला, मला नीट सांगता येत नाही. पण माझ्यावरून चेंडू सरळ जातो. म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या घरी असं जुनं काही आलं, तर त्याच्यावर ओला पेला ठेवू नका, त्याची धूळ मऊ कुंच्याने एकाच दिशेने झाडा. जमीन हळूहळू खचत असते, तेव्हा अधूनमधून पाणसळ ठेवून बघा. आम्ही कुठे कललोय, ते आमचं आम्हाला कळत नाही.