खलिफा सिटीतला हेडीज

सुनेत्राबाईंनी डबा उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आत डाळिंबाचे दाणे होते, वर काळं मीठ भुरभुरवलेलं. दिलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे लेकीला सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती. तरी ईश्वरी दर शनिवारी खलिफा सिटीतल्या भाड्याच्या घरातून ऊद मेथाला आईवडिलांकडे यायची ती रिकामे, बऱ्याचदा न धुतलेले डबे घेऊन. आज मात्र डबा भरून आला होता.

"कुणी सोललं गं?"

"आई, रिलॅक्स. सुपरमार्केटमध्ये रेडी मिळतात."

मिळत असतील. पण दुकानातल्या दाण्यांना पिवळी साल चिकटलेली नसते. संत्रं सोलायच्या कंटाळ्याने ते न खाणारी ही मुलगी डाळिंब काय सोलणार? आणि ती रूममेट शुभ्रा, जिचं नाव वर्षभर ऐकू येत होतं, तिचा आवाज फोनवर एकदाही आला नव्हता.

डाळिंबाशी बाईंचं जुनं वैर होतं. सातवीत असताना ईश्वरी शाळेच्या नाटकात पर्सेफोनी झाली होती. ग्रीकांच्या पाताळाचा देव हेडीज रथातून येतो आणि फुलं वेचणाऱ्या पोरीला उचलून नेतो. आई बिचारी वणवण शोधते, रागाने शेतं वाळवून टाकते, तेव्हा कुठे मुलगी सुटते. पण तोवर त्या लबाडाने तिला डाळिंबाचे दाणे चारलेले असतात. पाताळातलं खाल्लं की पाताळाचं झालं, म्हणून दरवर्षी काही महिने तिला तिथेच नांदावं लागतं. कहर म्हणजे, मुलीच्या बापाची या लग्नाला आधीच संमती असते आणि आईला त्याचा पत्ताही नसतो. हेडीजचा काळा झगा बाईंनीच शिवला होता, त्याला टाक्याटाक्याला शिव्या घालत. एकुलती एक पोर हातची जाईल, ही धास्ती तेव्हाही होती आणि आताही तीच होती.

पुढच्या शनिवारी ईश्वरीने काम असल्याचं कळवलं.

"अहो, गाडी काढा. आपणच जाऊ, न सांगता."

"अगं, एक फोन तरी करू," राजाभाऊ म्हणाले.

"खलास. फोनबिन काही नाही."

खलिफा सिटीत सगळे व्हिला सारखेच. राजाभाऊ तिथे कधी गेले नव्हते, निदान बाईंच्या समजुतीप्रमाणे. पण त्यांनी मॅप लावला नाही, एकही वळण चुकवलं नाही आणि गाडी थेट मागच्या छोट्या गेटपाशी उभी केली.

"रस्ता बरा सापडला," बाई म्हणाल्या.

"अंदाजाने."

ड्रॅगन मार्ट मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी न सापडणाऱ्या माणसाचा हा अंदाज. बाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

दार एका उंच मुलाने उघडलं. हात ओले, खांद्यावर नॅपकिन. "नमस्कार काकू. मी कुशल." मग बाईंच्या मागे पाहून, सवयीने, "या काका."

शुभ्रा नावाचं कुणी तिथे नव्हतंच. ईश्वरी आतून आली आणि जागीच थांबली.

"आई, आय वॉज गोइंग टू टेल यू. डिसेंबरमध्ये आम्ही लग्न रजिस्टर करतोय."

"तुम्हाला माहीत होतं," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस," राजाभाऊ पुटपुटले.

लेक गेली होती, आणि बापाने ती जाऊ दिली होती. या घरातला कणही तोंडात घालायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. तेवढ्यात कुशल पाण्याचे ग्लास घेऊन आला. बाईंनी हाताने ग्लास मागे सारला आणि त्यांची स्वतःची आई त्यांच्या सासरी ज्या ठेक्यात म्हणायची, अगदी त्याच ठेक्यात म्हणाल्या, "नको. लेकीच्या घरचं पाणी आम्ही घेत नाही."

ईश्वरीचे डोळे भरून आले. कुशलने ग्लास अलगद खाली ठेवला आणि पहिल्यांदाच हसला. आपण काय बोलून बसलो ते बाईंच्या ध्यानात आलं. हे घर लेकीचं, हे त्यांनीच चारचौघांत कबूल केलं होतं. शब्द मागे घ्यायला तोंड उघडावं, तर घशाला कोरड पडलेली, आणि आता पाणीही मागता येईना.