बोरटेकचं एकुलतं खापर

मी एक खापर आहे. फुटक्या घागरीचा तुकडा नव्हे, अख्खं खापर. चुलीवर पालथं घालतात आणि ज्याच्या फुगीर पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात, ते. खानदेशाबाहेरच्या माणसाला मी पालथी पडलेली मोठी कुंडी वाटतो. वाटू द्या. आमच्याकडच्या लेकीबाळींना विचारा, त्यांना माझ्या नुसत्या नावानं माहेरच्या चुलीचा वास येतो.

शिंदखेड्याच्या आधार कुंभारानं मला घडवलं. काळी माती, लीद आणि राख एकत्र तुडवून त्यानं माझं अंग केलं, ओल्या फडक्यानं पाठ गुळगुळीत केली आणि भट्टीत भाजलं. बाजारच्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला बसून होतो. बायका यायच्या, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायच्या आणि पुढं जायच्या. भागाबाईनं टिचकी मारली नाही. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या पाठीला गाल लावून पाहिला.

"हाई बेस शे," ती म्हणाली. "याले मांडा चिकटाव नई."

भागाबाई बोरटेकची. गाव टेकडीच्या पायथ्याशी, आणि तिची बौद्ध वस्ती गावाच्या अगदी कडेला. नवरा तरुणपणीच गेलेला. एक लेक, कला. तिला दूर पहूरला दिलेली.

पहिल्या दिवशी भागाबाईनं मला मंद आचेवर तापवलं, घाई केली नाही. मग पुरणाचा गोळा हातावर घेतला. मांडा पोळपाटावर लाटून होत नाही. तो दोन्ही हातांवर झेलत झेलत, कोपरापर्यंत पसरत मोठा करायचा आणि एका झोक्यात माझ्या पाठीवर टाकायचा. तिचा मांडा पडे तेव्हा ओलं धोतर अंगावर पांघरल्यासारखं वाटे. प्रत्येक खापराची धग वेगळी असते. माझी उजव्या कुशीला जास्त. ती तिनं पहिल्याच दिवशी ओळखली. दुसऱ्या कुणाचा हात माझ्यावर तसा बसला नाही.

मी खरा उपयोगी पडायचो तो आखाजीला. वैशाखातल्या या अक्षय्य तृतीयेच्या सणाला खानदेशातली प्रत्येक सासुरवाशीण माहेरी येते. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस-मांडे खातात. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं, बहुतेक भाऊच. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर लेक सासरी उंबऱ्याशी बसून वाट बघते, पण पाऊल उचलत नाही. भागाबाईच्या वस्तीनं जुने देव सोडले, पूजा सोडल्या. लेक आणायचं मात्र सोडलं नाही. कलाला भाऊ नव्हता, म्हणून भागाबाई स्वतःच पहूरला जायची. लोक हसायचे. माय कुठं मुऱ्हाळी असते का? ती म्हणायची, "मीच माय, मीच भाऊ. गाडीमा भाडं ते एकच लागस ना?"

शहाऐंशी सालच्या फाल्गुनात टेकडीवरचं वाळलं गवत पेटलं. वारा गावाच्या दिशेनं वाहत होता. वणवा उतारावरून खाली आला, आधी कडब्याच्या गंज्या धरल्या, मग कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, मग घरं. मी घरात कोपऱ्यात पालथा होतो. बाहेर माणसं ओरडत होती, गुरं हंबरत होती. भागाबाई घरी नव्हती. ती गावातल्या वरच्या आळीत नर्मदाअक्का नावाच्या म्हातारीच्या गोठ्यात वासरं सोडवत होती. ती परत येईपर्यंत आमच्या छताचे खांब जळले आणि धाब्याची, म्हणजे सपाट छतावरची, माती माझ्या अंगावर कोसळली. त्या मातीनंच मला वाचवलं. विझवायला आणलेलं पाणी माझ्यापर्यंत पोचलं नाही. तापल्या अंगावर पाणी पडलं की आम्ही तडकतो.

बैल सोडायला गेलेले झिपरूआबा परत आले नाहीत. बाकी माणसं राहिली, घरं गेली. आग कुणी लावली? कुणी म्हणे बांध जाळायला कुणी काडी टाकली, कुणी म्हणे विडी. पण कुणाच्या डोक्यावर खापर फोडायचं गावानं मनात आणलं नाही. बरंच झालं, गावात खापर एकच उरलं होतं.

भागाबाईनं राखेत हात घालून मला बाहेर काढलं. ती तोवर रडली नव्हती. मला पदरानं पुसता पुसता रडली.

गावानं ठरवलं, एकेकट्यानं घर बांधायचं नाही. नांगरणीला इर्जिक करतात तशी घरांची इर्जिक करायची. सगळ्यांनी मिळून एक घर उभं करायचं, मग पुढचं. आधी कुणाचं, यावर पारावर वाद पेटला. नर्मदाअक्का गावातली सगळ्यात वडीलधारी. तिनं काठी आपटली. "आखाजीले जिन्ही लेक येवानी, तिन्हं घर पहिलं. पोर ऊन मा उभी ऱ्हाई का?" तसंच ठरलं.

नरडाण्याहून कय्युम मिस्तरी हत्यारं घेऊन आला. आजूबाजूच्या गावांनी लाकूड, गहू, डाळ, गूळ पाठवला. आणि एक जुना रिवाज होता: ज्या दिवशी धाब्यावर माती पडते, त्या दिवशी कामकऱ्यांना त्या घरी मांडे घालायचे. त्याशिवाय घर पुरं झालं असं कुणी मानत नसे.

इथं माझा प्रश्न आला. आधार कुंभार थकला होता, त्यानं खापरं घडवणं सोडलं होतं. शेजारच्या गावांना आपापली खापरं हवी होती. उरलो मी, आणि मी भागाबाईचा. पितळेचं भांडं एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेलं तर चिंचेनं घासून घेत. मातीचं भांडं घासून भागत नाही, असं लोक मानायचे. म्हणून आजवर मी वरची आळी पाहिलेली नव्हती.

अक्काचीही लेक येणार होती, म्हणून पहिलं धाबं तिच्याच घराचं होतं. बायका चुलीभोवती उभ्या. पीठ मळलेलं, पुरण वाटलेलं, आणि चूल रिकामी. कुणीतरी हळूच म्हणालं, "तव्यावर पोळ्याच कराव्यात."

अक्का उठली. "आग लागनी तवय भागानी इचारं का, हाई वासरू कोननं शे म्हनीसन? जा वं कोनीतरी, तिले बलाव. खापर संगे आन म्हना."

भागाबाई मला डोक्यावर घेऊन आली. तिनं मला चुलीवर पालथा घातला. मग पहिला मांडा झाला, अक्कानं तो मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ कमी शे." सगळ्याजणी हसल्या. त्यानंतर माझी घराघरांत ये-जा सुरू झाली.

ते दिवस मला फार आठवतात. दिवसभर माती कालवल्याचा, लाकूड तासल्याचा आवाज. निंबा नावाचा एक गडी होता, जिभेला हाड नसलेला. तो भिंतीकडे बघून ओरडायचा, "मिस्तरी, भित वाकडी शे!" कय्युम खाली न बघता उत्तर द्यायचा, "निंबाभाऊ, भित सीधी शे, तुमनी मान वाकडी शे!" आणि दुपारी सगळे एका पंगतीला, हाताला चिखल तसाच. भागाबाई धुरात बसून मांडे टाकायची. कुणाचं घर, कुणाची चूल, ती विचारायची नाही.

पण तिचं स्वतःचं घर मात्र तसंच राहिलं. वरची आळी म्हणे, तिच्या वस्तीतले करत असतील. वस्तीतले म्हणत, ती तर रोज वर असते, तिचं तिकडच्यांनी धरलं असेल. भागाबाई कुणाला म्हणाली नाही. संध्याकाळी मला घेऊन ती आपल्या राखेपाशी यायची. चार गोणपाटं बांधलेली होती, त्याखाली आम्ही दोघं.

आखाजी तोंडावर आली. रतिलाल कासार बांगड्या घेऊन गावोगाव फिरायचा. भागाबाईनं त्याला थांबवलं. "भाऊ, तुमी पहूरले जातस ना? कलाले सांगा, औंदा येऊ नको. माय बरी शे, पन येऊ नको."

रतिलाल म्हणाला, "भागाबाई, असं कसं सांगू?"

"सांगा. पोर उनी ते बठाडू कोठे? राख मा?"

तो गेल्यावर तिनं मला जवळ ओढलं आणि माझ्या पाठीवर हात फिरवत बसली. चूल पेटलेली नसताना माझ्या पाठीवर इतका वेळ हात तिनं कधी ठेवला नव्हता. मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई, तुझा हा निरोप चुकला. लेक घराकडे येत नसते, मायकडे येत असते. पण मी माती.

रतिलाल पहूरला जाऊन आला. सणाच्या आदल्या दिवशी अक्काच्या हातात बांगड्या चढवताना त्याच्या तोंडून भागाबाईचा निरोप निघून गेला. अक्का अर्ध्या बांगड्या तशाच ठेवून, काठी टेकत, थेट आमच्या गोणपाटापर्यंत आली. तिनं जळके खांब पाहिले, राख पाहिली. मग भागाबाईवरच ओरडली.

"कसाले सांगं नई? तोंड नई का तुले? आमना मांडा भाजीसन दिन्हात आन् आमले असं पाप लावं?"

"अक्का, घर नई ते पोर..."

"घर नई ते नई! माय ते शे ना आठे!"

तिनं आपल्या मुलाला, रुपचंदला, हाक मारली. पहूरला जा, कलाला घेऊन ये. रुपचंद गोंधळला. "मी कोन सांगू तठे?"

"भाऊ सांग."

तो नरडाण्याच्या स्टेशनवर गाडी गाठायला पळाला. आणि त्याच दिवशी सगळं गाव भागाबाईच्या राखेत उतरलं. कय्युमनं दोरी धरली, निंबानं या वेळी भिंतीला नाव ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार भिंती छातीएवढ्या झाल्या. छत झालं नाही.

आखाजीचा दिवस उजाडला. खापर एक आणि लेकी गावभर. म्हणून पाराजवळच्या कडुनिंबाखाली चूल मांडली. प्रत्येक घरची लेक आपलं ताट घेऊन रांगेला. झोके बांधले होते, गाणी चालू होती. भागाबाई मांडे टाकत होती आणि रस्त्याकडे बघायचं टाळत होती. मला तिच्या हातांवरून कळत होतं. मांडे पातळ पडायचे, पण झोक्यात जीव नव्हता. सकाळची गाडी येऊन गेली, एसटी येऊन गेली. रुपचंद आला नाही. सासरच्यांनी पाठवलं नसणार. आधी येऊ नको म्हणायचं आणि मग परका माणूस धाडायचा, कोण पाठवेल?

ऊन कललं. रांग संपत आली. भागाबाईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांडा पसरलेला होता, डोळ्यांत धूर गेला होता. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिनं वर न बघता म्हटलं, "थांब वं माय. तुन्ही बारी उनी का देस."

"थांबस मी, माय," समोरून आवाज आला.

मांडा हातावर असताना माणसाला हलता येत नाही. टाकला नाही तर तो फाटतो. भागाबाई तशीच बसली, हात पुढं पसरलेले, आणि कलाही जवळ येईना, कारण तिलाही ते माहीत होतं. मग भागाबाईनं मांडा टाकला. तो माझ्या पाठीवर वेडावाकडा पडला, मधोमध फाटला, पुरण चुलीत सांडून जळायला लागलं. तिच्या हातचा फाटलेला तो एकच मांडा मी पाहिला. कुणी तो उलटला नाही. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात होत्या आणि सगळ्या बायका जळक्या पुरणाच्या धुरात डोळे पुसत होत्या.

"तुन्ही सासूनी सोडी कशी?" भागाबाईनं विचारलं.

कला रडता रडता हसली. "ती म्हने, हाऊ कोन भाऊ, आजलोंग ते दखायना नई? ते रुपचंदभाऊ म्हने, आग लागनी तवयपासून भाऊ शे."

रुपचंद मागं उभा होता. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या अर्ध्या रिकाम्या मनगटाकडे, आणि रतिलाल कासाराला हाक मारली.

त्या रात्री मायलेकी छत नसलेल्या चार भिंतींत झोपल्या. पावसाआधी धाबंही झालं. त्यानंतर दरवर्षी रुपचंद पहूरला जायचा, कला यायची, आणि मी तापायचो.

आता नव्वदच्या दशकाची अर्धी वर्षं सरली. अक्का गेली. मागल्या मार्गशीर्षात भागाबाईही गेली. कला आली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, दाराला कुलूप लावून किल्ली रुपचंदच्या घरी ठेवून गेली. मी आत आहे. फटीतून येणाऱ्या उन्हाची तिरीप कुठं पोचते, त्यावरून मला वैशाख जवळ आल्याचं कळतं. बाहेर पोरं झोक्यासाठी दोर शोधताना ऐकू येतात. माझ्या पाठीला धग हवीशी वाटते, आणि त्याहून जास्त तो हात.

रुपचंदभाऊ, भिंतीपलीकडून तुला ऐकू येणार नाही, तरी सांगतो. माय नसलेल्या घरी कुणी बोलवायचं, असं वाटून तू बसला असशील. आणि तिकडं कला बोलावणं येईना म्हणून उंबऱ्याशी बसली असेल. दोघंही लाजून राहाल आणि सण निघून जाईल. गाडी अजून नरडाण्याला थांबते. जा. आल्यावर कुलूप उघडून मला दोन्ही हातांनी उचल, कारण डाव्या कुशीला आता एक बारीक तडा गेला आहे. चूल मंद ठेवायला सांग. कलाचे हात मायसारखे नसतील, माझ्यावर तिचे दोन-चार मांडे फाटतील. फाटू देत. एवढी एक आखाजी मी नक्की सोसेन.