पडदे लावून

राव्नाने उबेसाठी बुटात सुकं गवत कोंबलं, पाय घालून पाहिला, काढला आणि आणखी मूठभर कोंबलं.

"आज्जी, गाडीत हीटर आहे," तिची नात एल्ले म्हणाली. "आणि सहल गुरुवारी आहे. आज सोमवार."

"गाडीतून उतरायचं असतं ना? मग?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर एल्लेचा सहलीच्या आखणीचा कागद पसरला होता. परदेशी पाहुण्यांना रात्रीच्या आभाळात हलणारा हिरवा उत्तरप्रकाश दाखवायला ती आठ जणांची गाडी घेऊन कारास्योक गावाच्या बाहेर, माळावर जायची. त्या पाहुण्यांचे हातमोजे राव्नाने विणलेले, शिदोरीतलं सुकं मांस तिनेच कापलेलं. स्वतः मात्र चौऱ्याहत्तर वर्षं त्या प्रकाशाखाली राहून तिने तो एकदाही मान वर करून पाहिला नव्हता. बर्फावर हिरवा उजेड पडला की आई पडदे ओढायची. शीळ घालायची नाही, हसायचं नाही, वर बघायचं नाही. वरचे चिडले तर उचलून नेतात. सहा वर्षांची असताना राव्नाने एकदा पडद्याच्या फटीला डोळा लावला, तर थोरल्या भावाने, पिएराने, मागून येऊन तळहाताने तिचे डोळे झाकले होते. पुढे आई गेली, पण धाक पिएराने चालू ठेवला. आता एकोणऐंशीचा झाला, तरी आभाळ हिरवं झालं की अंगण ओलांडून येऊन बहिणीचे पडदे लागलेत का, ते पाहून जायचा.

सप्टेंबरात राव्नाचे मोतीबिंदू निघाले. "आता उत्तरप्रकाश पूर्वीसारखा छान दिसेल हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. राव्नाने मान डोलावली खरी, पण घरी पोचेपर्यंत तिला चुटपुट लागून राहिली. पूर्वीसारखा म्हणजे कसा? हे न कळताच आपण मरायचं, हे तिला अजिबात मान्य नव्हतं.

"चढणार कुठून?" एल्लेने पेन्सिल उचलली.

"पेट्रोल पंपाच्या मागून. दुकानापाशी सगळं गाव असतं."

"चोरी करायला निघालीयेस का?"

"पिएराला कळलं तर म्हणेल, त्यापेक्षा चोरी परवडली."

बाहेर पायरीवर कुणीतरी बुटांचा बर्फ झटकला. राव्नाने कागद पावाच्या टोपलीखाली सारला आणि बूट पायाने टेबलाखाली ढकलले. पिएरा आत आला, आपल्या खुर्चीत बसला आणि रोजच्यासारखे आपल्या कानाच्या लाकडी पेल्यातल्या कॉफीत चीजचे तुकडे टाकू लागला.

"जमिनीवर गवत कसलं?"

"बुटातलं. बदलत होते."

"कुठे निघालीस?"

"मी कुठे जाणार, दादा? या वयात?"

पिएराने जास्त चौकशी केली नाही. त्याने चमच्याने चीज ढवळलं, मग पेल्यातच बघत विचारलं, "एल्ले, गुरुवारी आभाळ कसं असेल?"

एल्लेला ठसका लागला. "स्वच्छ, आजोबा. अगदी स्वच्छ."

"मग राव्ना, पडदे नीट लावून घे. मी काही बघायला येणार नाही. गुडघे दुखतायत, लवकर झोपेन म्हणतो."

"झोप दादा, झोप. मीसुद्धा लवकरच झोपणार आहे."

राव्नाचा जीव भांड्यात पडला. तिने खुशीत येऊन भावाला चीजचा आणखी एक तुकडा दिला. एल्ले खिडकीकडे तोंड करून उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते.

गुरुवारी संध्याकाळी सहाला राव्ना पंपामागे उभी होती. नवऱ्याची जुनी टोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत. गाडी आली. आत एल्लेने दिलेले लाल डगले घातलेले पाहुणे दाटीवाटीने बसले होते.

"सगळ्यात मागे जा, आज्जी. तिथे एकच जागा उरलीय," एल्ले म्हणाली. चेहरा अगदी गंभीर.

मागच्या खिडकीशी आणखी एक लाल डगला बसला होता. त्याची टोपी डोळ्यांवर ओढलेली होती, पण मांडीवरचा तो कानाचा लाकडी पेला राव्ना साठ वर्षं विसळत आली होती.

ती शेजारी बसली. आता बोलणी खावी लागणार म्हणून तिने मफलर आणखी वर ओढला. नदीवरचा पूल मागे पडला, गावाचे दिवे संपले.

"पडदे लावलेस?" शेवटी पिएराने विचारलं.

"लावले. तू?"

"मीही."

राव्नाला हसू फुटलं. तिने हातमोजा तोंडात कोंबला, पण ते आवरेना. शेजारचा लाल डगलाही गदागदा हलू लागला. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तेवढ्यात पुढचे पाहुणे एकदम ओरडले. रस्त्याकडेचा बर्फ हिरवा झाला होता. राव्नाची मान सवयीने खाली गेली.

खिडकीची काच आतून गोठली होती. पिएराने हातमोजा काढला आणि आपला रुंद तळहात काचेवर दाबून धरला. बर्फ वितळून पाणी मनगटावरून बाहीत गेलं, तरी त्याने तो हलवला नाही. मग त्याने हात बाजूला घेतला आणि स्वतः मागे सरकून बसला.

"वर बघ," तो म्हणाला.