सरपंचांचा मालक

"पावणं, तुमी कोण?" सर्किट हाऊसच्या दारातल्या शिपायानं हात आडवा धरला.

"मी सरपंचांचा मालक," गणपतराव छाती काढून म्हणाले.

आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात. पण गणपतरावांच्या तोंडी तो शब्द सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखा वाजायचा. मागं चिमणाबाई ओली छत्री झटकत उभी होती. गगनबावड्याकडच्या कातळवाडीची ती सरपंच. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा गणपतरावांनी तिला उभं केलं, निवडून आणलं आणि खुर्चीवर स्वतः बसले. गावालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आता ग्रामसभा घेतल्या नाहीत असा ठपका ठेवून तिचं पद काढलं होतं. त्यावरचं अपील आज राज्यमंत्र्यांपुढं होतं, आणि इथं हरली तर सगळंच संपलं.

गणपतराव मात्र सकाळपासून भारावलेले. "नुसत्या मंत्री न्हवं गं, राज्यमंत्री हायत! अख्ख्या राज्याच्या!" एसटीत त्यांनी बायकोला सांगितलं. शेजारचे एक मास्तर म्हणाले, "अवो, राज्यमंत्री म्हंजे मोठ्या मंत्र्याच्या हाताखालचं पद." गणपतरावांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की मास्तर कोल्हापूर येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसले.

आत लांबलचक टेबलामागं ग्रामविकास राज्यमंत्री संयोगिताताई बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना अधिकारी.

"कातळवाडीच्या सरपंच कोण?" ताईंनी विचारलं.

"मी!" म्हणत गणपतराव उभे राहिले.

सवय! दुसरं काय. एक अधिकारी खुदकन हसला. ताई हसल्या नाहीत.

"तुमचं नाव चिमणाबाई?"

गणपतराव मटकन खाली बसले, आणि चिमणाबाई उठली.

अधिकाऱ्यानं प्रकरण सांगितलं. सभेला पुरेशी माणसं आली नाहीत म्हणून यांनी सभा तहकूब केली, इथवर ठीक. पण तहकूब सभा पुन्हा घेताना माणसं मोजावी लागत नाहीत, चार टाळकी असली तरी चालतं. यांनी ती घेतलीच नाही. दर वेळी तहकूब, दर वेळी तहकूब.

"का घेतली नाही?" ताईंनी विचारलं.

चिमणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तिनं असं बघितलं की गणपतराव बोलायचे, ही त्यांच्या संसाराची रीत. आज त्यांनी मान खाली घातली. या सभेवरूनच घरात धुसफूस चालली होती. 'झाली म्हणून लिही की, तुझ्या बाचं काय जातंय?' असं ते कितीदा तरी ओरडले होते. बाकी सगळं ऐकणारी बायको एवढ्या एका गोष्टीला बधली नव्हती.

"बाई, सभंत मसणवट्याची जागा ठरायची हुती," चिमणाबाई म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "आमच्याकडं पाऊस लागला की उघडत न्हाय. शेड न्हाय. आमच्या आक्का गेल्या, सासूबाई माझ्या, तवा चिताच पेटंना. दोन दिस त्यास्नी घरातच, सोप्यात ठेवलं."

गणपतरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आक्का त्यांची आई.

"मग तुम्हालाच जास्त घाई हवी," ताई म्हणाल्या.

"व्हय की. म्हणूनच भ्या वाटलं. जागा धरलीया ती वड्यापल्याडच्या लोकांच्या बांधाला. पावसात वडा भरून आडवा येतोय, आन् वडा उतरला की ती माणसं ऊसतोडीला बिद्रीच्या कारखान्याकडं जात्यात. ती नसताना त्यांच्या दारात मसण लावू? मालक म्हणत्यात, कागदावर सभा घे. आमचं दुःख मोठं हाय, पर ते दुसऱ्याच्या दारात कसं टाकू? माझं चुकलं आसंल तर पद घ्या."

अधिकारी ताईंच्या कानाशी वाकला. "मॅडम, नियमाप्रमाणं..."

"थांबा. त्यांचं होऊ द्या."

"माझं झालं," चिमणाबाई म्हणाली.

गणपतराव बायकोकडं बघतच राहिले. एवढ्या वर्षांत तिला इतकं सलग बोलताना त्यांनी ऐकलंच नव्हतं. हे सगळं हिच्यात होतं तरी कुठं? अंबाबाईच्या गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर होतं तसं त्यांचं झालं. हात आपोआप जुळायला लागले, तेव्हा लाजून त्यांनी ते गुडघ्यांवर दाबून धरले.

"मी धाकटी मंत्री आहे, चिमणाबाई," ताई म्हणाल्या. "शेडची मंजुरी माझ्या हातात नाही, त्याला वरच्या साहेबांची सही लागते. पण हे अपील माझ्यापुढं आहे. माणसं यावीत म्हणून थांबणं ही कसूर नाही, असं मी लिहिणार. तुमचं पद काढल्याचा आदेश रद्द. ओढा उतरला की लगेच, ती माणसं ऊसतोडीला जायच्या आत सभा लावा, पलीकडच्या अंगालाच. मी येते. मागं बसेन. बोलायचं तुम्ही."

आणि त्या उठल्या, चिमणाबाईपुढं हात जोडून उभ्या राहिल्या. मास्तरांचं खरं होतं तर. पण त्या खोलीत त्या दोघींपेक्षा मोठं गणपतरावांना कुणीच दिसेना.

बाहेर व्हरांड्यात दुसरा एक शिपाई चहा घेऊन आला. "सरपंच मॅडम, घ्या." मग त्यानं गणपतरावांकडं बघितलं. "पावणं, तुमी कोण?"

ओठावर आलेला शब्द गणपतरावांनी गिळला.

"मी ह्यांच्यासंगं आलोय," ते म्हणाले, आणि चिमणाबाईला कप नीट धरता यावा म्हणून तिच्या हातातली ओली छत्री त्यांनी आपल्याकडं घेतली.