दोन मीटरची दोरी

मी सभा-समारंभांना खुर्च्या पुरवतो. साथीच्या काळात हा धंदा म्हणजे नुसत्या माश्या मारणं. म्हणून साथ ओसरल्याच्या आनंदात मैदानावर गाण्यांचा मेळावा भरणार म्हटल्यावर मी एका पायावर तयार झालो. साथ ओसरल्याचं खुद्द साथीला कुणी कळवलं नव्हतं, ते सोडा.

नियम होता, दोन खुर्च्यांमध्ये दोन मीटर. मी तेवढी दोरी कापली आणि सकाळपासून कंबर मोडेस्तोवर सहाशे खुर्च्या मांडल्या. दुपारी संयोजक आले. मीच खुर्च्या चोरून नेल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

"अहो, हे काय? फोटोत मैदान ओसाड दिसेल. सरकवा सगळ्या जवळ. आणि अजून हजार आणा."

"पण साहेब, नियम..."

"नियमाचं मी बघतो. तुम्ही खुर्च्यांचं बघा."

मी खुर्च्यांचं बघितलं. सगळ्या जवळ सरकवल्या, वर हजार आणल्या.

एकच खुर्ची हलवली नाही, कोपऱ्यातली, पंख्याजवळची. ती माझ्या ताईची. तिची फुप्फुसं लहानपणापासून अधू, त्यामुळे वर्षभर तिने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. "एकदा गाणं ऐकू दे रे, भिंतींशी बोलून वेड लागायची वेळ आलीये," असं ती म्हणाली, तेव्हा मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, "ये तू. तुझ्याभोवतीची जागा मी स्वतः मोजतो." आणि चारही बाजूंनी दोरी लावून मोजली.

संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा उरली नाही. म्हणजे एकाच ठिकाणी उरली, ताईभोवती. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचू नये? उशिरा आलेले सगळे खुर्च्या ओढत तिथेच धावले. कुणी तिच्या खुर्चीला खुर्ची भिडवली, कुणी तिच्या कानाशी शिट्ट्या मारत होतं. मी वाट काढत पोचलो तेव्हा ताई मास्क हनुवटीवर ओढून जोरजोरात गात होती.

"बघ ना, किती माणसं!" ती म्हणाली.

इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मी तिला उठवलं नाही. तोही गुन्हा माझाच.

बाराव्या दिवशी ताई गेली. त्या गर्दीतले आणखी किती गेले ते विचारू नका. संयोजकांच्या फोटोत सगळे आहेत.

अंत्यविधीला पाच माणसांची परवानगी होती. खुर्च्या माझ्याच. मी दोरी काढली आणि पाच खुर्च्या नियमाप्रमाणे मांडल्या. बाकी सगळं आवार मोकळं पडलं होतं. ताईची नऊ वर्षांची लेक पाय लोंबकळवत बसली होती. मग उठली आणि तिने खुर्ची दोन्ही हातांनी धरली.

"मामा, थोडी जवळ सरकवू?"

सकाळपासून माझा घसा खवखवत होता.

"नको, बाळा," मी म्हणालो. जो नकार त्या दुपारी संयोजकांना द्यायचा होता, तो मी तिला दिला.