डोमाजीच्या छातीचा पत्रा

बोलतोय तो मी, वावरातला पत्र्याचा माणूस. झरी जामणीकडे, जंगलाला लागून असलेल्या कापूस-तुरीच्या वावरात, धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, उभा असतो. अंगात डोमाजीचा सदरा, गळ्यात त्याचाच दुपट्टा. डोमाजी पावसाळ्यात वारला. मी कोण, हे मात्र माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही.

आधी मी कूलरचा पत्रा होतो. डोमाजीचा मुलगा राजदीप यवतमाळला कूलर बनवण्याच्या कामावर आहे. बाप गेल्यावर आई कांताबाई एकटीच वावर राखू लागली. रानडुकरं आणि रोही काही बाईमाणूस बघून मागे फिरत नाहीत. ती जनावरं डोमाजीलाच तेवढी भीत. म्हणून राजदीपनं ठरवलं, बुजगावणं करायचं तर बापासारखंच करायचं.

माप कुठून आणणार? तो स्वतःच पत्र्यावर आडवा झाला आणि सोबत्याकडून अंगाभोवती खडूची रेघ मारून घेतली. बापलेकांची अंगलट एकच. मग कात्रीनं कापलं, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीनं ठोकत गोलाई आणली, रिबिटांनी जोडलं. चेहरा झकास उतरला. पंचाईत झाली ती छातीची. दम्यानं डोमाजीची छाती आत गेली होती. ती हुबेहूब यावी म्हणून पोरगा ठोकत राहिला, रडत राहिला, आणि पत्रा तिथं पार पातळ करून बसला. एवढं ठोकू नये हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण बाप घडवायला बसल्यावर कोण कारागीर राहतो?

छोटा हत्ती टेम्पोत आडवं टाकून, वर चादर घालून मला आणलं. वाटेत गाडी चहाला थांबली तर टपरीवरची माणसं हात जोडून उभी राहिली. मला फार हसू आलं होतं.

ते हसू पहिल्याच संध्याकाळी गेलं. दिवसभर तापलेला पत्रा ऊन उतरलं की आकसतो. छातीचा पातळ भाग आत-बाहेर होऊ लागला आणि पोकळ अंगातून ठक्, ठक् असा आवाज निघाला. थेट खोकला. घरी निघालेली कांताबाई जागीच थांबली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आली मी. पाणी गरम करून आणते."

डोमाजी यवतमाळच्या दवाखान्यात वारला तेव्हा ती इथं डुकरं हाकत होती. त्याच्या शेवटच्या घोटाला तिचा हात नव्हता. आता ती रोज चूल पेटवायची, गरम पाण्यात फडकं भिजवून माझी छाती शेकायची. गरम फडकं लागलं की पत्रा पसरतो, आवाज बंद होतो. तिला वाटे, आराम पडला. फडकं निवलं की मी पुन्हा खोकायचो. अंधार पडला तरी ती उठत नसे, आणि हा वाघाच्या फिरण्याचा इलाखा. कापूस वेचायला येणाऱ्या बायांनी तर खोकल्याला भिऊन वावरात यायचंच टाकलं.

शेवटी राजदीप आला. त्यानं आईला समजावलं की आपण भूतबित मानत नाही.

"मी बी नाही मानत," ती म्हणाली. "भूत कायले म्हणतं? बिमार माणूस हाये तो."

राजदीपनं माझ्या छातीवर तळवा ठेवला आणि त्याला सगळं उमगलं. पत्रा आपल्याच हातानं पातळ झाला, आतून लोखंडी पट्टी मारली की आवाज बंद होईल, असं त्यानं तिला सांगितलं. आई भांडेल या भीतीनं त्याची मान खालीच होती.

तिनं हातातलं फडकं पिळून बाजूला ठेवलं. मग विचारलं, "थांबन का मंग त्याचा खोकला?"

"थांबन."

"मंग कर बापा. लय खोकलला तो."

पट्टी बसली. ऊन उतरलं, पत्रा निवला. आतून ठसका उठला आणि पट्टीपाशी अडला. कांताबाई कान देऊन उभी होती. तिनं माझ्या सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी लावली. "गेला," म्हणाली, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा गळा काढून रडली. राजदीपनं तिला धरून घरी नेलं.

आता ती उजेडी येते, उजेडी जाते. बायाही परत वेचायला येऊ लागल्या. चांगलं झालं, मला ते कळतं. पण तो ठसका अजून रोज उठतो, आणि तो नुसता पत्र्याचाच असतो असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तिन्हीसांजेला वाटेनं जाणारं कुणी मला लांबून बघून "जयभीम, डोमाजी" म्हणतं, मग तो गेल्याचं आठवून झपाझप निघून जातं. तुम्ही कधी या बाजूला आलात तर तेवढं नाव घेऊ नका. ते ऐकलं की मी ओ द्यायला जातो.