थर्मोस्टॅटची रिकामी जागा

शिरीषची जुनी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये आली, तेव्हा त्याचं डोकं इंजिनापेक्षा जास्त तापलं होतं. मेलबर्नच्या पॉइंट कुकमधल्या लोकांच्या अंगणातलं गवत कापून तो पोट भरायचा, आणि मागच्या हौद्यात मोवर घालून फ्रीवेवर चढला की तापमानाचा काटा थेट लालमध्ये जायचा.

गॅरेजचा मालक चंद्रहास "बघतो, बघतो" म्हणाला आणि बघायला त्याने मितालीला पाठवलं. त्या वर्षी मेलबर्नमध्ये कुत्र्याच्या छत्र्यांसारखी कॉलेजं उगवली होती. त्यातल्याच एकात ही साताऱ्याची मुलगी ऑटोमोटिव्हचा कोर्स करत होती. पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायला मिळावं म्हणून, नऊशे तासांच्या कामाचं पत्र लागायचं. तास तिने मे महिन्यापासून हाडाची काडं करून भरले होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण विद्यार्थ्यांना आठवड्याला वीसच तासांची परवानगी आणि तिने केले होते त्याहून जास्त, म्हणून चंद्रहासने पत्रात ती जानेवारीपासून दाखवली होती. राहिली होती फक्त सही, आणि तिचं गाजर तो तीन आठवडे दाखवत होता. मितालीला त्याचा मनस्वी राग यायचा, आणि रोज ती तो गिळायची.

रेडिएटर भरलेला होता, पंखा फिरत होता, पाण्यात बुडबुडे नव्हते. उभ्या गाडीत काटाही जागचा हलेना. शेवटी तिने थर्मोस्टॅटचं झाकण खोललं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. झाकणाच्या कडेला लाल सीलंट थापलेलं होतं, आणि असं थापणारा माणूस त्या गॅरेजात एकच होता.

"थर्मोस्टॅट काढून टाकलाय," ती म्हणाली. "या इंजिनात तो नसला की बायपास उघडाच राहतो. गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं. फ्रीवेवर लोड आला की तापणारच."

"कोणी काढला?" शिरीषने विचारलं.

चंद्रहासने मितालीकडे बोट केलं. "हिनेच असणार. स्टुडंट लोक, mate, काय करणार."

"पहिल्यांदा गाडी आणली ती फेब्रुवारीत. तेव्हा ही होती इथे?"

"जानेवारीपासून आहे." चंद्रहासने ड्रॉवरमधून पत्र काढून त्याच्या हातात दिलं. "हे बघ. आज सहीच करणार होतो."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते मितालीला बरोबर कळलं. फेब्रुवारीत ती एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासत होती.

"खरं का गं?" शिरीष म्हणाला.

मितालीने त्याच्या हातातल्या पत्राकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "मीच काढला. Sorry."

शिरीषने पत्र पुन्हा वाचलं. मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे मान वळवली.

"फेब्रुवारीत त्या स्टुलावर मी दोन तास बसलो होतो. यांनीच आतून काहीतरी काढलं. हे कशाला काढता विचारलं, तर म्हणाले, आपल्याकडे कोण लावतो हे. मी गप्प बसलो. आपल्याकडचा माणूस, त्याला कळत असेल म्हटलं. दुसरं कुणी नव्हतं गॅरेजमध्ये."

चंद्रहास पत्रासाठी पुढे झाला. शिरीषने ते घडी घालून खिशात टाकलं.

"हे खोटं पत्र माझ्याकडे राहू दे. कुठे दाखवायचं ते मी बघतो."

मिताली हातातला पाना घेऊन तशीच उभी राहिली. जाताना शिरीष तिच्यापाशी थांबला.

"तू नुसतं 'नाही' म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर यांच्याशी भांडून मी तुला सही मिळवून दिली असती."